गोळी बंद झाल्याचं आधी कुणाला कळतं?

“जत तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन वर्षं वैद्यकीय अधिकारी आहे. बीपी-शुगरचे पेशंट तीन-चार महिने नीट गोळ्या घेतात, मग दिसेनासे होतात. समजावून झालं, रागावून झालं. सिस्टर, फार्मासिस्ट, आशाताई सगळे मनापासून काम करतात, पण जो तो आपापलं. या सगळ्यांना धरून पेशंट उपचारावर टिकवायचे कसे?” असं एका तरुण सहकारी डॉक्टरांनी विचारलं आहे.

डॉक्टर, मी सत्तावीस वर्षं मिरजेत फिजिशियन म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट तुमच्याच बाजूचे, जत, कवठेमहांकाळ, आणि पलीकडून अथणी-चिकोडीचे. तुमच्याकडून दिसेनासे झालेले काहीजण माझ्या ओपीडीच्या बाकावर बसलेले असतात, आणि माझ्याकडे येणं सोडलेले तुमच्याकडे. मधल्या मधे काय झालं ते दोघांनाही ठाऊक नसतं. म्हणून हे उत्तर जरा लांब लिहितो आहे.

आधी एक अनुभव सांगतो, कारण मला जे कळलं ते त्यातूनच कळलं.

साधारण बारा वर्षांपूर्वी तुमच्या बाजूच्या एका गावातून एक मावशी यायच्या. हृदयाचं काम कमी झालेलं, बीपी, पायाला सूज. मी लघवीची गोळी धरून चार औषधं दिलेली. दर महिन्याला यायच्या तेव्हा पाय सुजलेले, दम लागलेला, वजन दोन-अडीच किलोनं वाढलेलं. “गोळ्या घेताय ना?” “घेत्ये की.” मी लघवीची गोळी अर्ध्याची एक केली. पुढच्या महिन्यात तेच. एकाच्या दोन केल्या. मग एके दिवशी त्या घरातच चक्कर येऊन पडल्या, मनगट मोडून आल्या. त्या दिवशी बीपी होतं ९० च्या खाली.

आमच्या वॉर्डातल्या एक सिस्टर मूळच्या अथणीकडच्या. त्या मावशींजवळ बसल्या आणि कानडीतून बोलायला लागल्या. दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. मावशी रोजंदारीवर शेतात जायच्या. लघवीची गोळी सकाळी घेतली की तासाभरात तीन-चारदा जावं लागतं, आणि मोकळ्या रानात बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून कामाच्या दिवशी ती गोळी घ्यायच्याच नाहीत. मिरजेला यायचं असेल तेव्हाही नाही, कारण एसटीत दोन-अडीच तास बसायचं. काम नसेल त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून दोन्ही गोळ्या एकदम. मी वाढवत नेलेला डोस त्यांच्या अंगावर आला तो असा.

पुढं चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांच्या गावाजवळच्या मेडिकलवाल्यांना हे सहा महिन्यांपासून माहीत होतं. बाकीच्या पट्ट्या महिन्याला संपायच्या, ही एक पट्टी उरायची. “त्या बारक्या गोळ्या अजून हायत” असं त्या दर वेळी सांगायच्या. गावातल्या आशाताईंना माहीत होतं, त्या शेजारीच राहायच्या. सुनेला माहीत होतं. चिठ्ठी लिहिणारा मी तेवढा अंधारात. उपाय काय निघाला? गोळी संध्याकाळी चार-साडेचारला, रानातून घरी आल्यावर. रात्री झोपेपर्यंत लघवीचा जोर ओसरतो. डोस पुन्हा एकावर आणला. त्यानंतर त्या कित्येक वर्षं व्यवस्थित होत्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पेशंटनं गोळी सोडली की नाही हे आपल्याला शोधून काढावं लागत नाही. ते कुणा ना कुणाला आधीच माहीत असतं. फक्त ते चिठ्ठी लिहिणाऱ्यापर्यंत यायला वाट नसते. टीम बांधायची म्हणजे ही वाट करायची. एकत्र फोटो काढणं किंवा महिन्याला एक अहवाल भरणं म्हणजे टीम नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली या विषयावर एक मोठा अहवाल काढला होता. विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच पेशंट सांगितल्याप्रमाणे औषधं घेतात, असं त्यात म्हटलं आहे. तेव्हा तुमच्या केंद्रात हे होतंय म्हणून तुमचं काही चुकतंय किंवा जतची माणसं अडाणी आहेत, असं मुळीच समजू नका. “अडाणी पेशंट” हा शब्द आपल्या बोलण्यातून गेला पाहिजे. वरच्या मावशींनी जो निर्णय घेतला होता तो त्यांच्या परिस्थितीत शहाणपणाचाच होता.

आता कुणाला काय कळतं ते बघू. तुमच्या केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांना, म्हणजे फार्मासिस्टना, कळतं की तीस दिवसांच्या गोळ्या नेणारा माणूस पंचेचाळिसाव्या दिवशी आला. पंधरा दिवसांचा हिशेब त्यांच्या समोर उभा असतो, पण औषधं देणं एवढंच त्यांचं काम ठरवल्यामुळे ते गोळ्या देतात आणि पुढचा नंबर घेतात. आशाताईंना कळतं की घरात कोण आजारी, कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा नवरा पिऊन पैसे उडवतो. लॅब टेक्निशियनला तर एक फार महत्त्वाची गोष्ट कळते, जिच्याकडे मीही बरीच वर्षं लक्ष दिलं नव्हतं. “उपाशीपोटी रक्त द्यायचंय” म्हटलं की निम्मे लोक त्या सकाळची बीपीची गोळीही घेत नाहीत. मग त्याच दिवशी ओपीडीत बीपी १७०, आणि डॉक्टर गोळी वाढवणार. लॅबच्या माणसानं आदल्या दिवशी एकच वाक्य सांगायचं: “शुगरची गोळी जेवणाबरोबर नंतर घ्या, बीपीची मात्र पाण्याबरोबर घेऊन या.” एवढ्यानं माझ्याकडची कितीतरी औषधवाढ वाचली.

पेशंट टिकण्याच्या आड येणारी दुसरी गोष्ट म्हणजे आपण पाच जण पाच गोष्टी सांगतो. बीपीच्या अम्लोडिपीन या गोळीनं घोट्याला सूज येऊ शकते, हे आपल्याला माहीत आहे. पेशंट सूज घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे जातो. ते म्हणतात, किडनीवर आलं असेल, बंद करा. मेडिकलमध्ये कुणीतरी म्हणतं, ही गोळी गरम पडते. शेजारी म्हणतो, एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते. आणि डॉक्टरांनी पहिल्या दिवशी “काही साइड इफेक्ट नाही” असं सांगितलेलं असतं. मग पेशंट कुणावर विश्वास ठेवणार? डॉक्टर तर आधीच खोटे ठरलेले. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगावं की सूज येऊ शकते, आली तर घाबरायचं नाही, बंद करायची नाही, सिस्टरना दाखवायचं, आपण बदलून देऊ. बीपीच्या एनालाप्रिल-रामिप्रिलचा कोरडा खोकला, शुगरच्या मेटफॉर्मिनचे गॅस आणि पातळ जुलाब, क्षयाच्या औषधातल्या रिफाम्पिसिननं लघवी केशरी होणं, हे चार-पाच त्रास केंद्रातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवेत, शिपाईमामांनासुद्धा. पेशंट पहिला प्रश्न बऱ्याचदा त्यांनाच विचारतो.

हे नुसतं सूज-खोकल्यापुरतं राहत नाही. माझ्या एका पेशंटची अँजिओप्लास्टी होऊन दोनच महिने झाले होते. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू. दाढ दुखायला लागली, तालुक्याच्या गावी दात काढायला गेले. तिथं “पाच दिवस रक्ताच्या गोळ्या बंद करून या” असं सांगण्यात आलं. चौथ्या दिवशी पहाटे छातीत दुखायला लागलं, स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) बंद झाला होता. जीव वाचला, पण हृदयाची ताकद गेली ती गेलीच. सुरुवातीच्या महिन्यांत या गोळ्या थांबवणं हे स्टेंट बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं, आणि साधी दाढ या गोळ्या चालू ठेवूनही काढता येते, टाके आणि दाब देऊन रक्त थांबवता येतं. त्या दंतवैद्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या समोर काय होतं? इंग्रजीत छापलेली, घडीवर फाटलेली डिस्चार्जची सहा पानं. त्यावर “या दोन गोळ्या अमुक तारखेपर्यंत कुणीही बंद करू नयेत, शंका आल्यास या नंबरवर फोन करावा” असं मोठ्या अक्षरात मराठीत आम्ही लिहिलेलं नव्हतं. आता लिहितो. लाल शाईनं, पहिल्या पानावर.

त्यावरून एक नियम सुचवतो, तो तुमच्या केंद्रात भिंतीवर लावा: ज्यानं गोळी सुरू केली त्याला विचारल्याशिवाय कुणीही “बंद करा” म्हणायचं नाही, आणि शंका आली तर गप्पही बसायचं नाही, फोन करायचा. या नियमाची दुसरी बाजू डॉक्टरांनी पाळायची आहे. फार्मासिस्टचा किंवा आशाताईंचा फोन आला तर “मला शिकवताय का” असा सूर एकदा जरी लागला, तर तो फोन परत कधी येत नाही. माझ्या पाहण्यात टीम मोडते ती बहुतेक वेळा याच एका वाक्यावर.

टीम नसली की पेशंटवर अन्याय कसा होतो, तेही सांगतो. तासगावकडच्या द्राक्षबागेत काम करणारे एक गृहस्थ, शुगर होती, गोळ्यांवर छान आटोक्यात. त्यांना क्षय निघाला. सरकारी उपचार सुरू झाले. दीड महिन्यानं माझ्याकडे आले तर शुगर ३५० च्या वर. मी चिडलो. “क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणून शुगरच्या सोडल्यात ना?” ते नाही नाही म्हणत होते, मी ऐकून घेतलं नाही. पुढच्या वेळी आलेच नाहीत. तीन आठवड्यांनी क्षयरोग विभागाच्या पर्यवेक्षक ताईंचा फोन आला, “सर, ते रोज दोन्ही गोळ्या माझ्या आशांच्या समोर घेतात. त्यांना तुमच्याकडे यायची भीती वाटते.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिफाम्पिसिन यकृताचा औषधं मोडून टाकण्याचा वेग वाढवतं आणि शुगरच्या कित्येक गोळ्यांचा अंमल कमी करतं. बीपीच्या अम्लोडिपीनचंही तेच, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचंही तेच. शिवाय क्षयाच्या जंतुसंसर्गानंही शुगर चढते. म्हणजे तो माणूस अगदी चोख औषध घेत होता, आणि मी त्याला खोटं पाडलं. मी त्यांच्या घरी फोन करून माफी मागितली, काही महिन्यांसाठी इन्सुलिन दिलं, आणि उपचार पूर्ण झाल्यावर पुन्हा गोळ्यांवर आणलं. तो फोन आला नसता तर त्यांनी माझ्याकडे येण्याबरोबरच कदाचित क्षयाची औषधंही सोडली असती. म्हणून शुगर असलेल्या क्षयरुग्णाच्या दोन्ही फायली एकत्र बघितल्याच पाहिजेत. तुमच्या केंद्रात तर हे दोन्ही रजिस्टर एकाच टेबलाच्या दोन खणांत असतात.

क्षयाचा विषय निघाला तर मिरजेतलं जुनं एक सांगावंसं वाटतं. इथं १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय सुरू केलं, आणि पुढं सांगली-मिरजेच्या मधे वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. माझ्या आधीच्या पिढीतले लोक सांगायचे, माणूस तिथं महिनोन्‌महिने राहायचा. खाणं, विश्रांती, औषध, वजन, सगळं एका कुंपणाच्या आत, आणि सगळी माणसं एकमेकांना दिसायची. पुढं १९५९ मध्ये मद्रासचा प्रसिद्ध अभ्यास आला. घरी राहून औषध घेणारे क्षयरुग्ण, गरीब वस्तीत राहणारे आणि अपुरं खाणारे असूनही, आरोग्यधामात राहणाऱ्यांच्या जवळजवळ बरोबरीनं बरे होतात, हे त्यात दिसलं. सगळ्या जगानं त्यानंतर आपली पद्धत बदलली. पण त्या घरी राहणाऱ्यांच्या मागे घरभेटी देणारी, चौकशी करणारी माणसं होती. रुग्ण घरी गेला तेव्हा कुंपणाचं काम या माणसांवर आलं. बीपी-शुगरच्या बाबतीत ते काम कुणावरच आलेलं नाही, असं मला वाटतं. म्हणून ती गळती.

शेजारच्या साताऱ्याकडे बघा. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. त्यात नवीन औषध नव्हतं की यंत्र नव्हतं. एकच उपचारपद्धती ठरवली, कोणती गोळी आधी, मग कोणती, ते भिंतीवर लावलं. गोळ्यांचा साठा पुरेसा ठेवला, तीस दिवसांच्या एकदम द्यायला लागले. बीपी सिस्टरांनी मोजायचं, प्रत्येकाचं कार्ड ठेवायचं, आणि जो आला नाही त्याची यादी काढून त्याच्या मागे जायचं. यातली प्रत्येक गोष्ट साधी आहे. पण डॉक्टर बदलला तरी गोळी बदलत नाही आणि उपकेंद्रात गेलं तरी तेच उत्तर मिळतं, हे पेशंटच्या दृष्टीनं फार मोठं आहे. परदेशातलं एक उदाहरण मला फार आवडतं. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांचे दोन गट केले आणि एका गटात फार्मासिस्टना बसवलं. गिऱ्हाईक केस कापायला आलं की तिथंच बीपी मोजायचं, आणि डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीनं औषध सुरू करायचं. २०१८ साली निकाल छापून आले. सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी २७ नं उतरलं. जिथं न्हाव्यानं फक्त सल्ला देऊन डॉक्टरकडे पाठवलं तिथं ९ नं. आपल्याकडे फार्मासिस्टना औषध लिहिण्याचा अधिकार नाही आणि तो असावा असंही मी म्हणत नाही. पण पेशंटला समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी नियमांत त्यांचं कामच म्हणून लिहिलेलं आहे. ते काम आपण त्यांना करू देत नाही, खिडकीतून गोळ्या सरकवायला लावतो.

आता तुमच्या केंद्रात काय करायचं ते.

कार्डापासून सुरुवात करा. प्रत्येक पेशंटचं एकच कार्ड, तुमचं वेगळं, उपकेंद्राचं वेगळं असं नको. त्यावर गोळीचं मूळ नाव मराठीत, तुमच्या भागात कानडीतही, आणि पुढं ‘कशासाठी’ हा रकाना. बीपीसाठी, शुगरसाठी, रक्त पातळ ठेवण्यासाठी. माझ्याकडे अशी माणसं येतात की तीच अम्लोडिपीन दोन कंपन्यांच्या नावांनी दोन डॉक्टरांकडून घेत असतात. एकाच रकान्यात दोनदा ‘बीपीसाठी’ आलं की कुणाच्याही लक्षात येईल. वेळ दाखवायला सूर्य आणि चंद्र काढा, वाचता न येणाऱ्यांसाठी एवढं पुरतं. कार्डावर तुमच्याबरोबर फार्मासिस्टनं आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनीही लिहायचं. “२० तारखेला आल्या, ८ गोळ्या उरलेल्या” एवढी एक ओळ. आणि पेशंटला सांगायचं की कुठल्याही डॉक्टरकडे जाताना कार्ड आणि गोळ्यांची पिशवी न्यायची, माझ्याकडेसुद्धा. पिशवी टेबलावर ओतली की जे कळतं ते तासभर विचारून कळत नाही.

दुसरं, न आलेल्यांची यादी. ही फार्मासिस्टच्या हातात द्या, कारण तारीख त्यांच्याकडे आहे. गोळ्या संपायच्या तारखेनंतर सात दिवसांत माणूस आला नाही की नाव यादीत. यादी आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तकांमार्फत आशांकडे. आशाताईंनी घरी जाऊन गोळी घ्यायला लावायची नाही. फक्त कारण आणायचं: गावाला गेला, त्रास झाला, बरं वाटतंय म्हणून सोडली, दुसरीकडे दाखवलं, गोळ्या मिळाल्या नाहीत. आणि त्या कारणाचं पुढं काय केलं ते आशाताईंना परत सांगायचं. हे सगळ्यात जास्त वेळा विसरलं जातं. माझ्या माहितीतल्या एक आशाताई म्हणाल्या, “सर, आम्ही सांगून सांगून येतो, पुढं काय हुतंय कुणी सांगत न्हाई. मग कशाला सांगायचं?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. शिवाय आशांना कामाप्रमाणे मोबदला मिळतो. तुम्ही वाढवलेलं काम कुठल्या मोबदल्याच्या खाली बसतं ते आधी बघा, नाही तर एक जुनं काम कमी करा. फुकटच्या कामावर उभी केलेली व्यवस्था दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

“गोळ्या मिळाल्या नाहीत” हे कारण यादीत आलं तर ते पेशंटच्या नावावर लिहू नका. ती आपली चूक. ई-औषधी या सरकारी संगणक नोंदीत साठा दिसत असताना खिडकीवर “पुढच्या आठवड्यात या” म्हटलं गेलं, की पन्नास रुपये आणि दिवसाची मजुरी घालवून आलेला माणूस परत कशाला येईल? साठा दीड महिन्याच्या खाली गेला की फार्मासिस्टनं तुम्हाला त्याच दिवशी सांगायचं, ही एक गोष्ट पक्की करून घ्या.

प्रश्न कसा विचारायचा, यावर सगळ्यांचं एकमत हवं. “गोळ्या घेताय ना?” याला “हो” हे एकच उत्तर असतं. “गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेली? सगळ्यांचीच राहते,” असं विचारलं की माणूस बोलतो. आणि एकानं खरं सांगितल्यावर दुसऱ्यानं त्यावरून रागवायचं नाही. सिस्टरना विश्वासानं सांगितलेली गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून ओरडा होऊन परत आली, तर ती बाई सिस्टरनाही पुढं काही सांगणार नाही. तुम्ही “रागावून झालं” असं लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगतो. मीही बरीच वर्षं रागावलो. त्यानं लोक सुधारत नाहीत, फक्त लपवायला शिकतात.

महिन्यातून एकदा अर्धा तास सगळे एकत्र बसा, चहा घ्या. अजेंडा नको, अहवाल नको. पाच पेशंट घ्यायचे, जे टिकत नाहीत असे, आणि प्रत्येकानं आपल्याला काय माहीत आहे ते सांगायचं. आधी आशा, मग सिस्टर, मग फार्मासिस्ट आणि लॅब, डॉक्टर शेवटी. हा क्रम महत्त्वाचा. डॉक्टर आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. पहिल्या दोन बैठकांत कुणी फारसं बोलणार नाही, धीर धरा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करायचा तर करा, पण त्यावर पेशंटचं नाव, फोटो, रिपोर्ट टाकायचा नाही, फक्त कार्ड नंबर. क्षय आणि एचआयव्हीच्या बाबतीत तर अजिबातच नाही. एका मेसेजनं लग्नं मोडलेली मी बघितली आहेत, आणि त्यानंतर त्या घरातलं कुणीच दवाखान्याची पायरी चढत नाही.

केंद्राच्या बाहेरची दोन माणसं विसरू नका. एक, गावातले बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टर. रात्री ताप आला की लोक त्यांच्याकडेच जातात, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाला जास्त मान आहे. त्यांना टाळून काही होणार नाही. मी अलीकडे माझ्याकडून परत जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर त्यांच्या गावच्या डॉक्टरांच्या नावानं चार ओळींची चिठ्ठी देतो. काय निदान, काय सुरू केलं, काय बंद करू नये, कधी परत पाठवावं. शेवटी “कळावे” आणि माझा मोबाइल नंबर. मान दिला की माणूस सोबत येतो. दुसरे मेडिकलवाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आम्ही निवारा केंद्रांत जात होतो. माणसं नेसत्या कपड्यानिशी आलेली, फायली-गोळ्या पाण्यात. “एक गुलाबी, एक अर्धी पांढरी” एवढंच सांगता यायचं. त्या वेळी एका मेडिकलवाल्या काकांनी दुकान बुडायच्या आधी वर नेऊन ठेवलेली उधारीची वही आणली. त्या वहीत महिन्याच्या महिन्याला कोण काय नेतं ते सगळं होतं. त्यावरून आम्ही एका दुपारीत कितीतरी जणांची औषधं पुन्हा सुरू केली. तुमच्या भागातल्या मेडिकलवाल्यांना एकदा केंद्रात बोलवा. बीपीच्या माणसाला गुडघ्यासाठी रोजच्या रोज दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, त्यानं बीपी चढतं आणि किडनीलाही त्रास होतो, एवढं एक जरी त्यांना पटलं तरी खूप झालं.

उपवास आणि रोजे यांचं आधीच बोलून ठेवा. नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर राहणारी बाई ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेत राहिली तर शुगर उतरून बेशुद्ध होऊ शकते, आणि मग घरचे ती गोळी कायमची बंद करतील. उपवासाच्या आठवडाभर आधी सिस्टरनी विचारायचं आणि तुम्ही त्या दिवसांपुरता डोस बदलून कार्डावर लिहायचा. “उपवास करू नका” म्हणून कुणी ऐकत नाही.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. तुमच्या “तीन-चार महिने घेतात आणि गायब होतात” यातले बरेचजण मला वाटतं हेच असणार. दसरा-दिवाळीला टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. त्यांनी उपचार सोडलेला नसतो, ते गाव सोडतात. दसऱ्याच्या तीन आठवडे आधी आशांकडून टोळीत जाणाऱ्यांची यादी घ्या. त्यातले बीपी-शुगरचे कोण ते फार्मासिस्टनं काढायचं. ज्यांचं बीपी स्थिर आहे त्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, साठ्याची मागणी भाद्रपदातच करून ठेवा. कुठल्या कारखान्याच्या हद्दीत जाणार ते विचारून तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव आणि फोन कार्डाच्या मागे लिहा. क्षयरुग्ण असेल तर निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत त्याची बदली त्याच दिवशी करा आणि तिथल्या पर्यवेक्षकांशी प्रत्यक्ष बोला, नुसती संगणकावरची बदली पुरत नाही. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्याला केरळ-तामिळनाडूला जाणारे विटा-आटपाडीचे लोकही असेच हातून सुटतात. आणि मुकादमाचा नंबर घ्या. टोळीत फोन लागतो तो त्याचाच, आणि “अमक्याला तेवढं सांगा, गोळ्या संपत आल्या असतील” एवढा निरोप तो आनंदानं पोचवतो.